टाचा टेकवून

ता. ४ जून

ती. वन्संना,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाचं घालता, हे तुम्हीच कबूल केल्यामुळे आता सगळं सविस्तर कागदावर लिहिते आहे.

बातमी अशी, की तुमचा डिंक्या फुटबॉल क्लबच्या अकादमीच्या दोन फेऱ्या पार करून तिसरीत गेला. एकशे चाळीस मुलं आली होती, त्यात गोलकीपर अकरा. त्यातले तीन उरलेत आणि घ्यायचा आहे एक. घेतलं तर शिक्षण क्लबचं, सराव क्लबचा, आणि नशिबात असेल तर पुढे कधीतरी मोठ्या संघात. एरवी हा मुलगा काही मागत नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर काहीही चालेल म्हणतो. तेरा वर्षांत त्यानं हे एकच मागितलंय, तेही तोंडानं नाही. रोज अंगणाच्या भिंतीवर दोनशे वेळा बॉल मारतो आणि झेलतो, आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीनं माझ्याशी बोलणं सोडलंय.

आता या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलंय. आई आणि वडील दोघांनीही यावं, असं ठळक अक्षरात आहे. कशाला, ते लिहिलेलं नाही. तुमच्या भावानं मुलाखत समजून उत्तरं पाठ करायला घेतली आहेत. दुकानात चावी घासता घासता पुटपुटत असतो, गिऱ्हाइकांना वाटतं कुलूप उघडायचा मंत्र म्हणतोय.

मी दिवसभर शाळांचे गणवेश शिवते आणि घरी येऊन याच्या पँटी उसवते. या वर्षी खालची दुमड चारदा सोडली. आता सोडायला दुमडच उरली नाही.

तुमचा लोभ आहे तसाच मोठ्या मापाचा राहू द्या.

तुमची,
वहिनी

---

ता. ११ जून

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि डोक्यात प्रश्नांची रांग लागली. सदतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. तिथे खोदून खोदून विचारायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही जात नाही, तेव्हा सहन कर.

मला सांग, गोलकीपर निवडतात तरी कसा? बॉल त्याच्याकडे आलाच नाही तर बिचाऱ्यानं काय दाखवायचं? आणि सगळे झेल घेतले तर त्याची हुशारी म्हणायची की मारणाऱ्याचा ढिलेपणा? हे डिंक्याला विचारून नीट लिही. दुसरं, आईबापांचं काय काम? घोडा घेताना दात बघतात म्हणे. मुलगा घेताना आईबाप बघतात की काय? तसं असेल तर माझ्या भावाला तोंड बंद ठेवायला सांग. तो घाबरला की विनोद करतो आणि त्याचे विनोद कोणाला कळत नाहीत.

तिसरं, चार वेळा दुमड सोडलीस म्हणतेस, तर मुलाचा आवाज फुटला का? ओठावर काही दिसतंय का? उगीच नाही विचारत. मला आपलं कुतूहल.

डिंक्याला म्हणावं, हे नाव तुला फुकट नाही दिलेलं. बावीस दिवसांचा होतास तेव्हा माझं बोट धरलंस ते सोडवायला मला दुसरी नर्स बोलवावी लागली होती. ज्याच्या हाताला डिंक आहे त्याच्या हातून बॉल कसा सुटेल?

उत्तर लांबलचक लिही, माझा लोभ पानांच्या हिशोबात असतो.

तुझी,
वन्सं

---

ता. २४ जून

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

तुझी वहिनी लिहिणार होती, पण मीच लिहितो, कारण गुन्हेगार मी आहे.

आधी तुझी उत्तरं देऊन टाकतो. गोलकीपर कसा निवडतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिथले एक सर, वही घेतलेले, ते खेळाकडे पाठ करून उभे राहतात. बॉल पलीकडच्या टोकाला असतो आणि हे आपल्या टोकाच्या गोलकीपरकडे बघत असतात. बॉल लांब असताना पोरगा काय करतो ते लिहून घेतात. एक जण बुटाची नाडी बांधत होता, एक आईला हात करत होता. आपला डिंक्या बॉल जिकडे जाईल तिकडे एकेक पाऊल सरकत होता, जणू बॉलला आणि त्याला कोणी दोरी बांधली आहे. सर बराच वेळ लिहीत होते. मी लांबून लिहिणाऱ्या हाताकडेच बघत बसलो. आवाज अजून किरटाच आहे आणि ओठ कोरा.

आता रविवारचं. अक्का, मी इस्त्रीचा शर्ट घालून, उत्तरं पाठ करून गेलो. पोरगा किती झोपतो, काय खातो, अभ्यासात कसा. कोणी काही विचारलंच नाही. बूट काढायला सांगितले आणि भिंतीला पाठ लावून उभं केलं. भिंतीवर मोजपट्टी ठोकलेली. वहिनीनं बघितल्या बघितल्या सांगितलं, ही पट्टी पाव इंच वर लागली आहे. सरांनी मोजून पाहिलं तर खरंच तशी होती. मग पट्टी काढून पुन्हा लावली. मला तेव्हा वाटलं, झालं आपलं काम, पोरगं जागच्या जागी निवडलं.

वहिनी भरली एकशे एक्कावन्न सेंटिमीटर. मी जमेल तितका ताठ उभा राहिलो, भरलो एकशे चौसष्ट. डिंक्या आताच एकशे बासष्ट आहे. मग सरांनी समोरच हिशोब केला. आईची आणि बापाची उंची मिळवायची, मुलगा असला तर त्यात तेरा घालायचे आणि निम्मं करायचं. पुरा वाढल्यावर मुलगा तेवढा होतो म्हणे, फार तर थोडा इकडेतिकडे. उत्तर आलं एकशे चौसष्ट. खरं सांगतो, क्षणभर मला बरंच वाटलं, की अगदी माझ्याएवढा होणार.

कालच त्यांचं पत्र आलं. हात उत्तम आहेत, लक्ष उत्तम आहे, पण गोलकीपर म्हणून एकशे त्र्याऐंशीच्या खाली जाणारा मुलगा ते घेत नाहीत. याची उंची लवकर आली आहे आणि लवकरच थांबेल, असं त्यांचं म्हणणं. काही सांगायचं असल्यास पंधरा दिवसांत कळवावं, असं खाली छापलंय. मी काय कळवू? की माफ करा, बाप बुटका निघाला?

माझं दुकान जिन्याखाली आहे, तिथे उभा राहिलो की डोक्यावर दोन बोटं जागा उरते. सगळे हसायचे, की ही जागा तुझ्या मापानंच बांधली आहे. मीही हसायचो. काल पहिल्यांदा हसू आलं नाही. पोराच्या आड कोणी आलं असेल तर मी आलो. संध्याकाळी भिंतीवर बॉलचा आवाज नव्हता. शेजारीण येऊन विचारून गेली, मुलगा बरा आहे ना.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझा,
धाकटा

---

ता. २९ जून

चि. धाकट्यास आणि चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा कागद घेऊन बेरीज केली, ती बरोबर आहे. मग आवाज फुटलेला नाही, ओठ कोरा, आणि म्हणे उंची थांबणार, हे मला पटेना. अशी मुलं थांबत नाहीत, ती सुटतात. म्हणून तिसऱ्यांदा वाचलं, आणि चष्मा काढून ठेवून बसले.

अरे शहाण्यांनो, त्या मुलाच्या उंचीशी तुम्हा दोघांचा काय संबंध?

बावीस दिवसांचं ते मूल मी स्वतः तुमच्या हातात दिलं. अर्ज तुम्ही भरले, कोर्टात तुम्ही उभे राहिलात, दीड वर्ष त्या कागदांसाठी खेटे घातलेत. मुलाला पाच वर्षांचा असताना तुम्हीच समोर बसवून सांगितलंत, आणि कसं सांगायचं हे विचारायला मला चार पत्रं पाठवलीत. आणि त्या भिंतीपाशी दोघंही बूट काढून निमूट उभे राहिलात? एकालाही आठवलं नाही? वहिनी, तुझं तर आयुष्य मापं घेण्यात गेलं. दुसऱ्याचं माप दुसऱ्याच्या कपड्याला लावलंस तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. मग मात्र खरंच प्रश्न पडला, की माणूस इतकं कसं विसरतो? असं विसरणं मी सदतीस वर्षांत पाहिलं नाही. जन्म दिलेल्या आयासुद्धा उठता बसता आठवण करून देतात, की मी जन्म दिला.

आता कामाचं. त्याला जन्म देणारीबद्दल मला विचारू नका. ते सांगायचं नसतं आणि मी सांगणार नाही. त्याची गरजही नाही. अकादमीला एवढंच कळवा, की तुमच्या बेरजेतले दोन्ही आकडे चुकीच्या माणसांचे आहेत. पण आधी मुलाला विचारा. ही गोष्ट त्याची आहे. पंधरा दिवसांतले सहा गेले, हे लक्षात ठेवा.

तुमच्या विसरभोळेपणासकट तुमच्यावर लोभ करणारी,
अक्का

---

ता. २ जुलै

ती. वन्संना,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी शिवणाच्या दुकानातच उघडलं आणि शिलाई मशीन पायाखाली तसंच चालू राहिलं. एका बाहीला दोन वेळा टीप पडली.

वन्सं, शपथेवर सांगते, आठवलं नाही. लपवलं नाही, टाळलं नाही, डोक्यातच आलं नाही. डॉक्टर विचारतात घरात कोणाला साखर आहे का, तर मी माझ्या आईचं नाव सांगते. त्याचे कान त्याच्या बाबांवर गेलेत, असं मी आल्यागेल्याला सांगत असते. तुमचं पत्र वाचून घरी गेले आणि त्याचे कान नीट पाहिले. अजूनही मला ते बाबांसारखेच दिसतात, आता काय करू?

तुमचा भाऊ आधी खूप हसला. म्हणाला, म्हणजे मी बुटका असून चालतं. मग चाव्यांचा जुडगा उगीच मोजत बसला. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, आणि आनंद झाल्याचंही वाईट वाटलं. बघा कसं झालंय.

पण पेच वेगळाच आहे. आम्ही डिंक्याला विचारलं, की अकादमीला कळवू का. तो म्हणाला, नको. राहू दे. मला नाही जायचं तिथे. वन्सं, ज्या मुलानं दोनशे दोनशे वेळा भिंतीवर बॉल मारला त्याला जायचं नाही? का म्हणून विचारलं तर उठून गेला. त्या रविवारपासून पाठीत वाकून चालतोय. मी ओरडते, ताठ चाल, शर्टाची फिटिंग बिघडते, तर आणखी वाकतो.

शेवटची तारीख आठ आहे. तुम्ही त्याला लिहा. आमच्याशी बोलत नाही ते तो तुमच्याशी बोलेल. पत्र फोडणार नाही, हे मी लिहून देते.

तुमच्या मायेच्या आशेवर असलेली,
वहिनी

---

ता. ५ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसवाल्यानं हातोहात आणून दिलं, म्हणून मीही लगेच लिहून त्याच्याच हाती देतो. आईनं खरंच फोडलं नव्हतं, पण दिव्याला धरून पाहिलं होतं.

तू विचारलंस का नको. सांगतो, पण बाबांना सांगू नकोस.

मला आठवलं होतं. तिथेच. सर म्हणाले आईवडिलांच्या उंचीवरून काढतात, तेव्हाच आठवलं. मी सांगणार होतो. सर, हे चालणार नाही, मी यांचा पोटचा नाही, असं वाक्यपण मनात तयार केलं. तेवढ्यात बाबा भिंतीला उभे राहिले आणि त्यांनी टाचा उचलल्या. थोड्याशाच. सरांनी बघितलं आणि म्हणाले, काका, टाचा टेकवा. बाबांनी टेकवल्या. सर पट्टी बघायला वाकले तर पुन्हा उचलल्या. सर दोनदा बोलले. दुसऱ्यांदा बाजूची मुलं हसली. बाबांचे मोजे अंगठ्यापाशी फाटलेले होते तेपण सगळ्यांना दिसले.

ते माझ्यासाठी उंच होत होते. तेव्हा मी कसं सांगणार, की बाबा, तुम्ही बाजूला व्हा, तुमचा उपयोग नाही? सरांनी सांगितलं असतं तर ते झाले असते बाजूला. काही न बोलता झाले असते, मला माहीत आहे.

आणि ते विसरले होते, आत्या. दोघंपण. ते मला बघून कळलं. मला ते फार आवडलं. आता तू आठवण करून दिलीस. मी जितका उंच होईन तितकं ते त्यांना रोज आठवेल. म्हणून मला जायचं नाही.

बॉल लांब असताना मी काय करतो ते तू विचारलं होतंस म्हणे. काही नाही. तो कधी येईल याचा विचार करतो.

तुझा,
डिंक्या

---

ता. ६ जुलै

चि. डिंक्यास,

अ. उ. आ.

हे पत्रही त्या ओळखीच्या बसवाल्याबरोबरच पाठवते आहे, कारण टपालाला तुझ्या तारखेची काळजी नाही.

आठवण मी करून दिली, हे खरं. विसरले होते ते तसंच राहू द्यायला हवं होतं का, याचा मी कालपासून विचार करते आहे. पण एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगते.

तू माझं बोट धरलंस ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. ते सोडवल्यावर तू लगेच तुझ्या बाबाचं धरलंस आणि झोपलास. खुर्ची लांब होती. तो पाळण्यावर ओणवा उभा राहिला. मी म्हटलं, काढ रे बोट, मूल काही उठत नाही. तो म्हणाला, उठलं तर? पाऊण तास तसाच उभा होता, अंगठ्यांवर, कारण पाळणा उंच होता आणि तो बुटका. तुझ्यासाठी टाचा उचलायची त्याची ती पहिली वेळ. परवाची दुसरी. मधल्या तुला आणि मला माहीत नाहीत इतकंच.

तेव्हा त्याला ठाऊक होतं, बाळा, की तू कुठून आलास. पूर्ण ठाऊक असताना तो उभा होता. म्हणून तुझ्या उंचीनं त्याला आठवलं तर काय बिघडणार आहे, हे मला कळत नाही. मी तुझं पत्र कोणाला दाखवणार नाही. पण तू स्वतः जाऊन त्याला हे सांगावंस असं मला वाटतं. पुढचं तुम्ही दोघं बघा.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

---

ता. ९ जुलै

ती. वन्संना,

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही, म्हणजे आज तरी नाही. पत्र वाचून तो तडक बाबांच्या दुकानात गेला. साडेचारला दोघं दुकानाला कुलूप लावून घरी आले. भर दुपारी दुकान बंद करण्याची ही पहिली वेळ. दोघांचे डोळे लाल. मी विचारलं काय झालं, तर बाप म्हणाला, पितळेचा भुसा उडाला. मुलगा म्हणाला, माझ्यापण.

काल शेवटच्या दिवशी आम्ही तिघं अकादमीत गेलो. तुमच्या भावानं पाठ केलेलं काही बोलायची संधी पुन्हा आली नाही. त्यानं सरळ सांगितलं, की आमच्या दोघांच्या उंच्या खोडा, मुलगा आम्ही घेतलेला आहे, आणि आम्ही ते विसरलो होतो. त्या वहीवाल्या सरांनी वही मिटली. मग म्हणाले, हे विसरलेले आईवडील मी पहिल्यांदाच पाहतोय. त्यांनी अर्ज काढला. तुमच्या भावानं स्वतःच्या हातानं आपली उंची खोडली, शेजारी सही केली. मग मी माझी.

तिथल्या कारकुनानं विचारलं, मग वरच्या नावांचं काय करायचं? विचारणारा वाईट नव्हता, त्याला रकाना भरायचा होता. आम्ही दोघं तोंड उघडायच्या आत डिंक्या म्हणाला, नावं बरोबर आहेत.

आता सरांकडे बेरीज करायला काही उरलं नाही. म्हणाले, मग आपण वाट बघू. एक मोसम सरावाला घेतलंय, दर तीन महिन्यांनी मोजणार. पक्कं ठरवतील ते पुढल्या वर्षी. दुसऱ्या एका मुलालाही असंच ठेवलंय, तो आताच आमच्या घराच्या दारात मावणार नाही, तेव्हा सोपं नाही. आज संध्याकाळी भिंतीवर पुन्हा आवाज सुरू झाला. शेजारीण खिडकीत येऊन बसली.

तुमचा लोभ असाच आखूड न होवो.

तुमची,
वहिनी

---

ता. १७ डिसेंबर

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

तुला उत्सुकता असणार म्हणून आकडा आधी. काल दुसरं माप झालं. एकशे सदुसष्ट. आवाज गेल्या आठवड्यात फुटला, आता फोनवर कोणी त्याला मी समजतं. अकादमीत आईवडिलांना यावं लागत नाही, तरी मी गेलो होतो. सरांनी मला ओळखलं आणि म्हणाले, काका, या, तुम्हीपण उभे राहा. गमतीनं म्हणाले. मी बूट काढले, नवे मोजे होते, आणि त्याच्या शेजारी भिंतीला उभा राहिलो. या वेळी टाचा टेकवून. तो माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर वर गेला. सर म्हणाले अजून चिकार वाढणार, पण पक्कं काही सांगत नाहीत. ते त्यांचं काम. काल रात्रभर झोप लागायची वेळ आली की मला त्या तीन सेंटिमीटरचं हसू यायचं आणि तुझी वहिनी विचारायची, काय झालं.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. आज दुपारी तो सरावावरून थेट दुकानात आला आणि आत शिरताना जिन्याच्या पायरीवर त्याचं डोकं फाडकन आपटलं. त्या जागी आजवर कोणाचं म्हणून डोकं आपटलं नव्हतं, कारण माझ्याशिवाय आत येतंय कोण. तो डोकं चोळत उभा राहिला आणि माझ्याकडे बघून पुन्हा पाठीत वाकला, तसाच, पावसाळ्यात वाकायचा तसा. मला तेव्हा त्या वाकण्याचं कारण नव्यानं समजलं, अक्का. मी म्हटलं, वाकू नकोस. तो म्हणाला, बाबा, जागाच नाही.

जागामालक वरच राहतात. त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, की दुकानाची फरशी काढून वीतभर खाली खणू का, खर्च माझा. ते म्हणाले, अहो कशाला, वीस वर्षं तुम्हाला बरोबर पुरतंय की. मी म्हटलं, मला पुरतंय, पण माझ्या पोराला पुरत नाही.

परवानगी मिळाली आहे. सोमवारी फरशी निघेल. दारात एक पायरी उतरावी लागेल, तेव्हा पुढच्या वेळी येशील तेव्हा जपून उतर, आणि येताना लोभ घेऊन ये.

तुझा,
धाकटा